‘न वापरलेला’ म्हणजे नवा नव्हे!

दुसऱ्या महायुद्धातील जीएमसी या अमेरिकी कंपनीच्या अडीच टनी लष्करी ट्रकचे ब्रेकचे सुटे भाग ‘न वापरलेले, मूळ पाकिटातले’ म्हणून विकणे आता पुरे झाले. इतकी दशके पडून राहिलेला रबरी कप, म्हणजे सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल अडवून धरणारी वाटी, नवा कसा असेल? मेणकागद उलगडावा, तर व्हील सिलिंडर (चाकाजवळचा, ब्रेक दाबणारा सिलिंडर) बाहेरून चकचकीत, आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे, आणि कपाची कड नखाने दाबताच तडकते! या ट्रकच्या हायड्रॉलिक ब्रेकचे सर्किट एकच आहे. एका चाकाचा कप फाटला की ब्रेक ऑइल वाहून जाते आणि सगळ्याच चाकांचे ब्रेक निकामी होतात, हे विकणाऱ्यांना ठाऊक नसते काय? १९४१ ते १९४५ या काळात असे ५ लाखांहून अधिक ट्रक तयार झाले, तरीही भागाचा क्रमांक विचारावा तर धूसर फोटो येतो आणि सिलिंडरचा व्यास विचारावा तर ‘बसेल’ एवढेच उत्तर. बसेल म्हणजे काय? ब्रेकच्या बाबतीत असे अंदाजपंचे चालते का? बॉनेटवर रंगवायच्या लष्करी खुणेच्या पांढऱ्या ताऱ्यांचे साचे हवे तितके मिळतात. पण ताज्या रबराचा, योग्य मापाचा एक कप मात्र मिळता मिळत नाही, याचा मला मनस्वी संताप येतो.