मालदांडी ‘निसर्गाची’ आणि नवी ज्वारी ‘पाणीपिऊ’? फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

रब्बीची पेरणी जवळ आली की एक संदेश गटागटांत फिरू लागतो. त्याचे सार असे: ‘मालदांडी निसर्गाने दिलेली, म्हणून दुष्काळात तीच टिकते. विद्यापीठांची सुधारित ज्वारी पाणी आणि खत मागते. तिची भाकरी बेचव, कडबा आखूड, आणि बियाणे दरवर्षी विकत.’ हा संदेश वाचून हलक्या रानातही मालदांडीच पेरली जाते आणि दाणे भरण्याआधीच ती वाळते. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘मालदांडी कुणी तयार केलेली नाही’

बाजारात ‘मालदांडी’ म्हणून जी ओळखली जाते ती बहुतेक मालदांडी 35-1. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ येथे 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ती काढली. शेतकऱ्यांनी राखलेल्या पिकात सगळी ताटे सारखी नसतात. त्यातली सरस ताटे निवडायची, प्रत्येकाचे बी वेगळ्या ओळीत पेरायचे, कमअस्सल ओळी काढून टाकायच्या, हेच तेव्हा केले गेले. शेतकऱ्यांचे श्रेय त्यात मोठे आहेच, पण संशोधनाचेही आहे. आजही रब्बीचा नवा वाण चाचणीत उतरतो तो मालदांडी 35-1 ला तुल्यवाण (तुलनेसाठीचा वाण) म्हणून शेजारी पेरूनच.

‘सुधारित वाण पाण्याशिवाय येत नाहीत’

सर्वात जास्त नुकसान याच मुद्द्याने होते. रब्बी ज्वारी मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते आणि ती ओल किती दिवस पुरणार, हे मातीची खोली ठरवते. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वाण खोलीनुसार वेगळे केले. मुरूम साधारण 30 सेंमीवर लागत असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माऊली. 60 सेंमीपर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी. त्याहून भारी रानात फुले वसुधा, फुले यशोदा. फुले रेवती बागायतीसाठी आहे. ती माळरानावर पेरली तर फसणारच, पण त्यावरून सगळ्या सुधारित वाणांना नावे ठेवणे चूक. फुले अनुराधा 105 ते 110 दिवसांत काढणीला येते. ओल संपण्याआधी दाणा भरून घेणे, हीच तिची ताकद.

पण लवकर येणे म्हणजे अवर्षण सोसणे नव्हे, आणि पैदासकाराची, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याची, खरी परीक्षा इथे असते. शेवटच्या टप्प्यातल्या ताणात लवकर फुलणारी प्रत्येक ओळ (निवडलेल्या ताटाची संतती) चांगली दिसते, कारण तिने ताण चुकवलेला असतो. म्हणून एकाच सुमारास फुलणाऱ्या ओळींचीच आपसात तुलना करावी लागते. दुसरी अडचण जमिनीची: चाचणीच्या रानात एका कोपऱ्यात माती वीतभर जास्त खोल असेल, तर तिथली सामान्य ओळही काटक भासते. त्यामुळे प्रत्येक ओळ रानात वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा पेरतात.

‘एक जनुक घातला की पीक दुष्काळ सोसते’

हा दावा त्या संदेशातला नाही, उलट्या बाजूचा आहे, पण तितकाच चुकीचा. दाणे भरताना पाने हिरवी राहण्याचा गुण ज्वारीत सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. मूळ इथिओपियन ज्वारीतून आलेल्या बी 35 या ओळीत त्याची चार प्रमुख जनुकस्थाने (हा गुण ठरवणाऱ्या गुणसूत्रांवरच्या जागा) सापडली. त्यांचे काम बरेचसे फुलोऱ्याआधीच होते: फुटवे कमी, पानांचा पसारा आटोपशीर, म्हणून पाणी शिल्लक. अशी ताटे खडखड्या या बुंधा पोकळ करणाऱ्या बुरशीरोगाला कमी बळी पडतात, लोळतही नाहीत. मात्र पाऊसपाणी भरपूर असलेल्या वर्षी लहान पसाऱ्यामुळे उत्पादन थोडे मागे राहू शकते.

‘भाकरी बेचव, कडबा आखूड’

ही तक्रार खरी आहे, पण ती खरिपातल्या बुटक्या संकरित ज्वारीची. 1964 मध्ये सीएसएच 1 ही संकरित ज्वारी आली, त्यानंतर अशा जाती पसरल्या. काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा बुरशीने काळा पडायचा. रब्बीत काढणी कोरड्या हवेत होते. शिवाय दाण्याचा मोती रंग आणि कडब्याची उंची पाहूनच इथे वाण निवडले जातात.

‘बियाणे दरवर्षी विकत’

संकरितासाठी खरे. वर दिलेले रब्बीचे सगळे वाण मात्र सरळ आहेत, म्हणजे त्यांचे बी घरी राखून पुन्हा पेरता येते. ज्वारीत परागीभवन मुख्यतः स्वतःचेच, तरी काही टक्के परके होतेच. म्हणून बियाण्यासाठी कणसे बांधाकडची नव्हे तर रानाच्या मध्यातली घ्यावीत, वेगळी दिसणारी ताटे फुलोऱ्याआधी उपटावीत आणि तीन-चार वर्षांनी शुद्ध बी पुन्हा आणावे. एकरी 4 किलो पुरते. दाणे काणी (दाण्याच्या जागी काळी भुकटी करणारा बुरशीरोग) बियाण्यावरूनच येते, तेव्हा पेरणीपूर्वी किलोला 4 ग्रॅम 300 मेश (बारीक भुकटीचे) गंधक चोळायला विसरू नये.