आधी रंगमंच, मग पंजे

‘वुल्व्हरिन (‘एक्स-मेन’ सिनेमांतला पंजेवाला नायक) म्हणून नाव झाल्यावर ह्यू जॅकमन हौसेखातर ब्रॉडवेकडे (न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीकडे) वळला,’ हे लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. ही तर उलटी गंगा! हा माणूस पर्थच्या नाट्यशाळेतून शिकून बाहेर पडला, मेलबर्नला संगीतिकांमध्ये गायला आणि 1998 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेचा नायक झाला. ‘एक्स-मेन’ आला 2000 साली. तोही दुसऱ्या नटाला तारखा जमेनात म्हणून याच्या पदरात पडला. लंडनच्या त्या प्रयोगाचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा. पडद्यावर गुरगुरणारा तो हाच का, असा प्रश्न पडेल.

आणि ‘हौस’? ‘द बॉय फ्रॉम ऑझ’ त्याने न्यूयॉर्कला जवळजवळ वर्षभर केलं, आठवड्याला आठ प्रयोग, आणि 2004चा टोनी हा रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळवला. तेच नाटक 2006 साली तो ऑस्ट्रेलियात घेऊन आला तेव्हा मी सिडनीत नोकरीला होतो. तिकीट परवडेल तेवढंच, म्हणजे पार मागचं. तिथून माणूस काडेपेटीएवढा दिसत होता, पण तो प्रेक्षकांशी थट्टा करायला लागला की आमच्या रांगेतले लोकसुद्धा पुढे सरकून बसायचे. शेजारच्या आजीबाईंनी तर मध्यंतरात मला विचारलं, ‘तो पंज्यांचा सिनेमा कसा आहे रे?’ त्यांनी तो पाहिलाच नव्हता.