प्रिप्यातमधली ती बाहुली तिथे कुणी बसवली?

एप्रिल आला की युक्रेनमधल्या चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यात शहराचे फोटो पुन्हा फिरू लागतात. लोखंडी खाटेवर बसलेली बाहुली, तिच्या तोंडावर गॅस मास्क, मागे पोपडे निघालेली भिंत. सोबतचा मजकूर ठरलेला : 1986 साली लोक उठून गेले तसंच सगळं आजही आहे, त्यानंतर तिथे कुणी फिरकलेलं नाही, आणि कुंपणाखालून चोरून आत शिरणाऱ्या फोटोग्राफरांमुळेच जगाला खरं चित्र दिसलं. पडक्या वास्तूंचे फोटो मीही काढतो. म्हणूनच हा मजकूर मला सोडून देता येत नाही.

‘सगळं तसंच आहे’ हे सर्वात मोठं असत्य. चेर्नोबिलच्या अणुवीजकेंद्रात स्फोट 26 एप्रिल 1986 च्या पहाटे झाला आणि 27 तारखेला दुपारी बसगाड्यांमधून जवळपास 50 हजारांचं शहर रिकामं केलं गेलं. तीन दिवसांसाठी जायचंय, कागदपत्रं आणि गरजेपुरतं सामान घ्या, असं लोकांना सांगितलं होतं. पुढच्या काही महिन्यांत अनेकांना थोडा वेळ परत येऊन सामान नेऊ दिलं. सफाईच्या पथकांनी किरणोत्सारी फर्निचर घराघरांतून काढून पुरलं. उरलंसुरलं चोरांनी नेलं, अगदी नळ आणि रेडिएटरसुद्धा. आज फोटोत दिसणारी खोली म्हणजे या सगळ्यांच्या हातांखालून गेलेली खोली आहे. बाहुली खिडकीच्या उजेडात नेमकी बसते, कारण ती कुणीतरी तिथे आणून बसवलेली असते.

मास्कचंही तेच. शाळेच्या जमिनीवर पसरलेले शेकडो मास्क पाहून मुलांनी ते घाबरून घातले आणि पळताना टाकले, असं लोक समजतात. सोव्हिएत शाळांमध्ये नागरी संरक्षणाच्या शिक्षणासाठी मास्कचा साठा असायचा. तो कुणीतरी नंतर उपसून जमिनीवर ओतला. त्या शहरातल्या मुलांना प्रत्यक्षात किरणोत्सारापासून बचावासाठी आयोडीनच्या गोळ्या वाटल्या होत्या. ज्यांचं बालपण त्या शाळेत गेलं, ती माणसं आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्यांच्या वर्गाचा असा देखावा मांडून त्याखाली ‘सत्य’ लिहिणं मला फार दुखतं.

‘कुणी फिरकलं नाही’ हा दावा तर सहज कोसळतो. शेजारच्या वीजकेंद्राची तिसरी अणुभट्टी डिसेंबर 2000 पर्यंत चालू होती. तिथल्या कामगारांसाठी स्लावुतिच नावाचं नवं शहर वसवलं गेलं. ज्या कोरड्या जलतरण तलावाचे फोटो आपण एवढे पाहतो, तो आपत्तीनंतरही कितीतरी वर्षं तिथे काम करणारी माणसं वापरत होती. आसपासच्या खेड्यांत शेकडो म्हातारी माणसं बंदी मोडून आपापल्या घरी परतली, बटाटे लावून जगली. निर्मनुष्य शहराच्या गोष्टीत ही माणसं अडचणीची ठरतात, म्हणून ती फ्रेमबाहेर राहतात.

आता चोरून जाण्याबद्दल. 2011 नंतर परवान्यासह आणि वाटाड्यासोबत तिथे जाता येत होतं, हजारो लोक गेले. इमारतींत शिरायला मात्र मनाई होती, आणि त्यामागे ठोस कारण होतं. छपरातून पाणी झिरपून स्लॅब सडले आहेत. एका शाळेचा भाग 2005 मध्ये कोसळला. पहिल्या रात्री आग विझवणाऱ्या जवानांचे कपडे रुग्णालयाच्या तळघरात टाकले होते. ते आजही धोकादायक पातळीचा किरणोत्सार सोडतात. शेवाळात आणि धुळीत अडकलेले कण बुटांना, ट्रायपॉडच्या पायांना चिकटून बाहेर येतात. म्हणजे ‘फोटोशिवाय काही नेलं नाही’ हे अर्बेक्सवाल्यांचं, म्हणजे पडक्या वास्तूंत शिरून भटकणाऱ्यांचं, वाक्य निदान इथे तरी खरं ठरत नाही. शिवाय गुपचूप जाणाऱ्याला काही वेगळं सत्य सापडतं असंही नाही. परवाना काढून गेलेले आणि कुंपण ओलांडून गेलेले, दोघांनीही त्याच त्या खाटेचे फोटो आणले.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियन फौजा याच भागातून कीवकडे गेल्या. तेव्हापासून पर्यटन बंद आहे आणि जंगलात भूसुरुंग आहेत. त्यामुळे हे फोटो पुढे पाठवणाऱ्यांनी, आणि ज्यांच्याकडे जुने स्वतःचे फोटो आहेत त्यांनीही, खाली निदान एवढं तरी लिहावं : फोटो कोणत्या साली काढला, आणि खोलीतली कुठली वस्तू हलवली होती.