ऐकलं होतं त्यानं

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. ताईचा मुलगा एमएसला ओहायोला निघालाय, त्याच्यासाठी. मजकूर असा: अमेरिकेत पोलिसांचं ऐकलं की केसालाही धक्का लागत नाही, गोळी खातात ते उलट बोलणारे आणि पळणारे, वर्णभेदाचं रडगाणं खोटं, मरणाऱ्यांत गोरेच जास्त, आपल्या लोकांना तर कसलीच भीती नाही. मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलला राहते. गप्प बसवेना.

पहिलाच दावा धरते, सगळं विष त्यातच आहे. इथल्या एका माँटेसरी शाळेत फिलँडो कॅस्टाइल नावाचा काळा माणूस मुलांच्या जेवणाचं बघायचा. वय ३२. ६ जुलै २०१६ च्या रात्री लार्पेंट्यूर अव्हेन्यूवर जेरॉनिमो यानेझ या पोलिसानं त्याची गाडी थांबवली. त्याला सांगितलं, मागचा दिवा बंद आहे. त्याआधी वायरलेसवर बोलला होता ते वेगळंच: ड्रायव्हर जबरी चोरीतल्या संशयितासारखा दिसतो, नाक पसरट आहे म्हणून.

कॅस्टाइल थांबला. लायसन्स आणि विमा मागितला, त्यानं आधी विम्याचं कार्ड दिलं. मग आपणहून म्हणाला, सर, तुम्हाला सांगायला हवं, माझ्याजवळ बंदूक आहे. बंदूक परवान्याची होती. यानेझ म्हणाला, मग तिला हात लावू नकोस. तो म्हणाला, मी काढत नाहीये. शेजारी बसलेली मैत्रीणही तेच सांगत होती. बंदुकीचं सांगितल्यापासून दहा सेकंदांच्या आत सात गोळ्या सुटल्या, कॅस्टाइल मेला. मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी होती. पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात हे सगळं आहे. मी ते दोनदा पाहिलं, आता पाहवत नाही. यानेझ कोर्टात म्हणाला, मला वाटलं तो बंदूक काढतोय. जून २०१७ मध्ये ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं.

यात पळालं कोण? उलट बोललं कोण? आणि हा एकटाच नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये साउथ कॅरोलायनात लेव्हार जोन्सकडे लायसन्स मागितलं, ते घ्यायला तो गाडीत वाकला आणि पोलिसानं गोळ्या झाडल्या. तो वाचला. त्या पोलिसानं पुढे गुन्हा कबूल केला.

एवढं मान्य करते की हात स्टिअरिंगवर ठेवावेत, अचानक काही काढू नये, वाद रस्त्यावर नाही तर कोर्टात घालावा. भाच्याला मीही हेच सांगणार आहे. मेलेल्यांपैकी बऱ्याच जणांकडे शस्त्र होतं, हेही खरं. पण यानं धोका कमी होतो, टळत नाही. म्हणून मेला त्याचंच चुकलं, असं धरून चालता येत नाही.

गोरे जास्त मरतात, कारण ते संख्येनंच कितीतरी जास्त आहेत. वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्रानं २०१५ पासून पोलिसांच्या गोळीनं मेलेल्यांची एकेक नोंद ठेवली. वर्षाला साधारण हजार. त्यात काळ्यांचं दरडोई प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघतं. शाळेतलं त्रैराशिक आहे हे.

राहिली आपली माणसं. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. सुरेशभाई पटेल, वय ५७, नातवाला सांभाळायला गुजरातहून आले होते. सकाळी फुटपाथवर फिरत होते, कुणीतरी फोन केला की एक सडपातळ काळा माणूस हिंडतोय. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसानं असं आपटलं की शरीर अंशतः लुळं पडलं. त्या पोलिसालाही शिक्षा झाली नाही.

मामा, गेल्या उन्हाळ्यात तुम्ही रोज सकाळी फिरायला निघालात की मी तुमच्या खिशात पत्ता आणि माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी घालायचे. हरवायला मी लहान आहे का, म्हणून तुम्ही रागवायचात. तुम्ही हरवाल अशी भीती मला कधीच नव्हती. तो फॉरवर्ड काढून टाका. भाच्याशी मी फोनवर बोलते.