मी, फितूर पंच

गेल्या वर्षी कोर्टात मला फितूर, म्हणजे पोलिसांच्या बाजूचा असून उलटलेला साक्षीदार, ठरवलं. हसू नका. आपल्याकडे फितूर म्हटलं की सूर्याजी पिसाळच आठवतो आणि मी पडलो झेरॉक्सच्या दुकानात बसणारा माणूस.

झालं असं की २०१८ च्या पावसाळ्यात एक हवालदार दुकानात आले, म्हणाले पंच म्हणून, म्हणजे जप्तीचा साक्षीदार म्हणून चला, दोन मिनिटांचं काम आहे. रिक्षांच्या बॅटऱ्या चोरल्या म्हणून दोन पोरं धरली होती. टेबलावर बॅटऱ्या, पंचनामा आधीच टाईप केलेला, "आरोपीने आम्हां पंचांसमक्ष स्वखुशीने सांगितले" वगैरे. मी वाचलाच नाही, दुकान उघडं टाकून आलो होतो, सही ठोकली नि परत. चूक माझीच.

सहा वर्षांनी समन्स. पहिल्या तारखेला जजसाहेब रजेवर, दुसऱ्या तारखेला आरोपीचे वकील गायब, तिसऱ्यांदा एकदाचा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. सरकारी वकील मॅडम विचारतात, आरोपीने बॅटऱ्या कुठून काढून दिल्या? शपथ घेतलेली, म्हटलं मॅडम, सही माझीच आहे, बाकी मी काही पाहिलं नाही. झालं, फितूर! आरोपी निर्दोष सुटला.

पण खरी गोष्ट दुसऱ्या पोराची. तो आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हताच. कोर्टातले हवालदार चहा पिताना म्हणाले, "त्याचं कधीच संपलं, त्यानं गुन्हा कबूल केला." बाहेरगावचा पोरगा, जामीन मंजूर झालेला पण जामीनदार कोण राहणार, म्हणून आठ महिने आत. शेवटी कुणीतरी सांगितलं कबूल कर, भोगलेली शिक्षा धरून सोडतील. सोडलं पण. म्हणजे गुन्हा एक, पंचनामा एक, पंच मीच, ज्याला वकील नि जामीनदार मिळाला तो निर्दोष आणि ज्याला नाही मिळाला तो कायमचा गुन्हेगार.

देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला संपायचाय असे. त्यातले किती या पोरासारखे "कबूल" म्हणून बाहेर पडत असतील देव जाणे.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आलेत. जप्तीचं व्हिडिओ शूटिंग सक्तीचं केलंय, ते मला मनापासून पटलं, निदान माझ्यासारख्याच्या सहीवर तरी केस लटकणार नाही. आणि पहिल्यांदाच सापडलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ झाला की जामिनावर सोडायचं, बाकीच्यांना निम्मा (जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून, आणि दुसऱ्या केसेस चालू असतील तर हेही नाही). साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. छान आहे. पण पहिल्यांदा म्हणजे आधी कधी शिक्षा न झालेला! आपला पोरगा आठ महिन्यांत कबूल करून बसलाय, त्याच्या नावावर शिक्षा आहे. उद्या परत संशयावरून उचलला तर त्याला एक तृतीयांश नाही, निम्मा काळ. जो खरंच चोर होता की नव्हता हे कुणी तपासलंच नाही, तो आता रेकॉर्डवरचा.

परवा दुकानात नवे हवालदार आले, पंच म्हणून चला म्हणाले. म्हटलं येतो की, पण सगळं बघणार, पंचनामा पूर्ण वाचणार, मग सही.

"राहू द्या काका, शेजारच्यांना घेतो."