आयर्विनला किती फूट, हे अभ्यासक्रमाबाहेरचं?

आज शाळेतून बोलावणं आलं. "मुलीबद्दल बोलायचंय, या." मला वाटलं दप्तरात मोबाईल सापडला असेल, नाहीतर गणितात दिवे लावले असतील. तसं असतं तर परवडलं असतं, निदान मी शाळेच्या बाजूनं तरी बोलले असते.

गुन्हा काय, तर आमच्या कन्येनं आणि दहावीतल्या आणखी सहा जणांनी मुख्याध्यापिका बाईंना अर्ज दिला. वहीच्या मधल्या पानावर, निळ्या पेनानं, 'विनंती'तली वेलांटी खोडून दुरुस्त केलेली. मागणी एवढीच की आठवड्यातून एक तास हवामान बदल शिकवा, पण आपल्या सांगलीचा. कोयनेतून पाणी सोडलं की इथं काय होतं, पूररेषा नकाशावर नेमकी कुठून जाते, पाऊस असा एकदम का कोसळायला लागलाय. इथवर ठीक होतं. मग त्यांनी मधल्या सुट्टीत बाकीच्या तुकड्यांत फिरून सह्या गोळा केल्या आणि तिथं बिनसलं.

"मॅडम, बोर्डाचं वर्ष आहे. यांच्या डोक्यात हे कोण भरवतंय?"

कोण भरवतंय? कृष्णेनं भरवलं. २०१९ साली, घरात शिरून.

माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना हे पाठ आहे, पण आज परत सांगणार. आमच्या घरी खालच्या खोलीत भिंतीवर अण्णांनी (माझे सासरे) ऑइलपेंटनं एक रेघ मारलेली होती, कमरेएवढ्या उंचीवर, शेजारी '२००५'. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी पावणेचोपन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. ती रेघ म्हणजे आमच्या घरचा वेद. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णा म्हणाले, "रेघेच्या वर येत नसतंय." म्हणून आम्ही सामान रेघेच्या हातभर वर रचलं. टेबलावर गादी, गादीवर तांदळाची पोती, त्यावर शिलाई मशीन, कागदपत्रांची ट्रंक. व्यवस्थित, हिशोबानं.

पोरगी तेव्हा चौथीत. जिन्यात खडू घेऊन बसलेली. पाणी एक पायरी चढलं की पायरीवर वेळ लिहायची. रात्री साडेअकरा, पावणेएक, दोन वीस. आणि मध्येच तिनं विचारलं, "कोयनेतून सोडलेलं पाणी आपल्याकडे किती वेळानं येतं?" वरच्या मजल्यावर तेव्हा शेजारपाजारचे धरून पाच पदवीधर बसलेले. त्यात एक बँकेतले, एक निवृत्त शिक्षक, एक डिप्लोमावाले इंजिनिअर. एकालाही सांगता येईना. टीव्हीवर क्युसेक क्युसेक चाललेलं आणि आम्ही मान डोलावतोय. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर, हे मला पुढं याच पोरीनं सांगितलं.

त्या वेळी आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. अण्णांची रेघ जवळजवळ चार फूट खाली बुडाली. पाणी जिन्यात वरून पाचव्या पायरीवर थांबलं. आम्ही तिसऱ्या दिवशी बोटीतून निघालो, अण्णा बोटीत एक शब्द बोलले नाहीत. परत आल्यावर चिखलातून जे हाताला लागलं त्यात तिचं 'परिसर अभ्यास'चं पुस्तक होतं. मी ते गॅलरीत दोरीवर वाळत घातलं होतं.

या पोरीला आज एक बाई विचारतात, डोक्यात कोण भरवतंय म्हणून.

मग त्यांनी फाईल काढली. आम्ही काही करत नाही असं नाही, म्हणे. वृक्षारोपणाचे फोटो. एक रोप, अकरा हात, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, रोपाकडे कुणीच नाही. पोस्टर स्पर्धा. तोंडात थर्मामीटर घेऊन रडणारी पृथ्वी. (आमच्या कन्येला त्यात दुसरा नंबर आहे, प्रशस्तिपत्र फ्रिजवर लावलंय, खोटं कशाला बोलू.) पण अहो, पूर येतो तेव्हा त्या रडक्या पृथ्वीचं आम्ही काय करायचं?

पाठ्यपुस्तकात काहीच नाही असंही नाही, हे मान्य. दहावीच्या विज्ञानात 'पर्यावरणीय व्यवस्थापन' आहे, 'आपत्ती व्यवस्थापन' आहे. जलसुरक्षा नावाचा श्रेणीचा विषयही आहे, त्याचा तास गणितवाले घेतात. भूगोलाला भारत आणि ब्राझील. माझ्या पोरीला ॲमेझॉनचं खोरं तोंडपाठ आहे. कोयना कृष्णेला कऱ्हाडला मिळते, वारणा हरिपूरला, पंचगंगा नृसिंहवाडीला, आणि खाली पाणी तुंबलं की वरचं पाणी निघायला जागा राहत नाही, हे मात्र तिला पानपट्टीवाल्या काकांनी सांगितलं. ब्राझीलवर माझा राग नाही. पण हरिपूर सायकलवर जाण्याइतकं जवळ आहे हो.

सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच सांगितलंय की पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा. ३० वर्षं उलटून गेली. आणि दिल्लीत काय चाललंय? केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं 'ओझं कमी करायचं' म्हणून दहावीच्या विज्ञानातून नैसर्गिक संसाधनांचा धडा काढला, ऊर्जेच्या स्रोतांचा काढला, बारावीच्या जीवशास्त्रातून पर्यावरणाच्या प्रश्नांचा अख्खा धडा काढला. ओझं म्हणे! ओझं बघायचं असेल तर ओल्या तांदळाचं पोतं जिन्यातून उचलून बघा.

मणिपूरची लिसिप्रिया कांगुजम ७ वर्षांची असताना, २०१९ च्या जूनमध्ये, पाटी घेऊन संसदेबाहेर उभी राहिली. तिची एक मागणी हीच होती, शाळेत हवामान बदल सक्तीनं शिकवा. इंग्लंडमधली शाळकरी पोरं 'टीच द फ्यूचर' म्हणून याचसाठी भांडतायत. इटलीच्या शिक्षणमंत्र्यांनी त्याच वर्षी वर्षाला ३३ तास देऊ असं जाहीर केलं, पुढं तिथं प्रत्यक्ष किती तास झाले ते सोडा, निदान मंत्र्याच्या तोंडून आकडा तरी निघाला. आमच्या पोरांची मागणीही साधारण तेवढीच. आठवड्याला एक, तोही जलसुरक्षेचा, जो कागदावर आधीच त्यांचा आहे.

बरं, शिक्षकांची बाजू. निवडणुकीची ड्युटी, ऑनलाईन माहिती भरा, पोर्शन संपत नाही. खरं आहे. माझी जाऊ शिक्षिका आहे, रात्री अकराला एक्सेल भरत असते. आणि आमची ही क्रांतिकारक मंडळी घरी पंखा चालू ठेवून अंघोळीला जातात, तेही खरं. त्यावरून आमची रोज वाजते. म्हणून अर्ज चुकीचा ठरतो का?

तिथं बसून मी फार आवाज चढवला, हे आता लिहिताना जाणवतंय. मुख्याध्यापिका बाई वाईट नाहीत. २०१९ ला त्यांच्याच शाळेत पूरग्रस्तांना ठेवलं होतं आणि त्या स्वतः पिठलं वाढत होत्या. निघताना मला हळूच म्हणाल्या, "मला तरी कुठं येतंय हो हे शिकवायला." त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मला तरी कुठं येतंय?

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. पुरानंतर भिंत रंगवली तेव्हा जुनी रेघ पुसली गेली, नवीन त्यांनी मारली नाही. २०२१ ला पाणी परत आलं तेव्हाही नाही. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "आता रेघेवर भरवसा नाही." आज त्यांनी अर्ज मागून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि पोरीला म्हणाले, "धरणातनं सोडलं की किती तासांत येतंय, ते पहिल्या नंबरला लिही. बाकीचं मागनं."

तर नवीन अर्ज सध्या डायनिंग टेबलावर तयार होतोय, गावातल्या आणखी दोन शाळांतली पोरं आलीत, माझे पोहे संपले. शिक्षणाधिकाऱ्यांनाही निवेदन द्यायचं चाललंय. सोमवारी अकराला शाळेत परत बोलावलंय. ज्यांची मुलं दहावीत त्याच शाळेत आहेत त्यांनी कृपा करून स्वतः यावं. ग्रुपवर अंगठे नकोत, मागच्या वेळी सदतीस अंगठे आले होते आणि गेटवर मी एकटी.