‘शरीराचा डेटा आपल्याच मनगटावर राहतो’ हे खरं नाही

गेल्या काही महिन्यांपासून आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. बचत गटाच्या ग्रुपवर तोच, शेतकरी गटाच्या ग्रुपवरही तोच. थोडक्यात त्यात म्हटलंय ते असं: स्मार्ट घड्याळ घ्या, बीपी, शुगर, ऑक्सिजन, झोप सगळं घरबसल्या कळतं, दवाखान्याचा खर्च वाचतो. तुमच्या शरीराचा डेटा तुमच्याच मनगटावर राहतो, त्यामुळे त्याचे मालक तुम्हीच. आणि खेड्यातल्या माणसाचे ठोके मोजून कुणाला काय मिळणार? तेव्हा परवानगी मागितली की बिनधास्त ‘ओके’ दाबा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज ही रोजची कामं. आता लोक बाजारातून हजार-दीड हजाराचं घड्याळ आणतात आणि फोनला जोडून मागतात. त्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, शेवटचं तर घातक आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘डेटा मनगटावरच राहतो’

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकताना तुम्ही पाहिला असेल. तो उजेड कातडीत शिरतो, काही रक्तात शोषला जातो, उरलेला परत येतो. ठोक्यागणिक नसांतलं रक्त कमीजास्त होतं, तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो. घड्याळ टिपतं ते एवढंच. पण टिपलेलं साठवून ठेवायला त्याच्यात जागा फार थोडी, काही दिवसांपुरती. तिथून ते ब्लूटूथवरून फोनमधल्या ॲपमध्ये जातं आणि बहुतेक ॲपमधून नेट चालू झालं की कंपनीच्या सर्व्हरवर.

पटत नसेल तर कुणी फोन बदलला की पाहा. नव्या फोनात ॲप टाकलं, जुन्याच नंबरने लॉगिन केलं की मागच्या वर्षीच्या दिवाळीत किती पावलं चालला होतात तेही परत दिसायला लागतं. जुना फोन तर विकून झालेला असतो. मग हे आकडे आले कुठून? ते सर्व्हरवर होते, म्हणून आले. फोनमधून ॲप काढून टाकलं की डेटा गेला असं समजणाऱ्यांनी हीच गोष्ट लक्षात घ्यावी: ॲप जातं, नोंदी तिकडेच राहतात. काही कंपन्या डेटा अशा कुलपात ठेवतात की त्यांना स्वतःलाही तो वाचता येऊ नये. तशी सोय आपल्या बाजारातल्या स्वस्त घड्याळांत आहे का, हे खोक्यावर तरी कुठे लिहिलेलं मला दिसलेलं नाही.

‘मालक तुम्हीच’

सगळ्यात जास्त राग मला या वाक्याचा येतो, कारण मालकी कशी हातची जाते ते रोज टेबलापलीकडून दिसतं.

“ताई, हे चालू करून द्या, मले त्यातलं काई समजत नाई,” म्हणत माणूस घड्याळ पुढे करतो. ॲप उघडलं की पहिली मागणी ईमेलची किंवा मोबाइल नंबरची. ईमेल अनेकांकडे नसतो, असला तरी पासवर्ड आठवत नाही. मग घड्याळ विकणारा दुकानातला पोरगा काय करतो? स्वतःचा ईमेल टाकतो, जन्मतारीख १ जानेवारी, वजन साठ किलो, आणि भराभर ‘ॲग्री’ दाबत शेवटपर्यंत जातो. पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश. पण खातं निघालं त्या पोराच्या नावाने. उद्या नोंदी पाहायच्या, दुरुस्त करायच्या, पुसायच्या, तर कंपनीच्या लेखी खातेदार तोच. शरीर एकाचं, खातं दुसऱ्याचं. त्याच ईमेलवर गावातली आणखी चार घड्याळं जोडलेली असली तर कुणाचे ठोके कुणाच्या नावावर चढले, हे तो पोरगाही सांगू शकणार नाही.

बायांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. घड्याळ तिच्या हातावर, पण मोठा फोन घरात एकच, तो मुलाकडे नाहीतर दिराकडे. बहुतेक ॲपमध्ये मासिक पाळीच्या नोंदीचा रकाना असतो. कापूस वेचून आलेली एक बाई, बोटं बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली, इकडेतिकडे पाहून हळूच विचारत होती: “ताई, माह्या तारखा त्याच्या मोबाइलात दिसते काय?” दिसतात. मी तो रकाना तिच्यासमोर बंद करून दिला, आधीच्या नोंदी काढल्या. तिचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि मालकीचा खरा प्रश्नही तोच आहे. आपल्या शरीराबद्दलची गोष्ट कुणी पाहायची, हे आपल्याला ठरवता येतं का?

आता कायद्याकडे येऊ. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात ‘डेटा तुमच्या मालकीचा’ असं कुठेही म्हटलेलं नाही. हक्क मात्र दिले आहेत: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे ते सांगा, ती कुणाकुणाला दिली त्यांची नावं सांगा, चूक दुरुस्त करा, पुसून टाका. माझ्या मागे हे हक्क कुणी वापरायचे, त्याचं नामनिर्देशनही करता येतं. एका कंपनीतला डेटा उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क मात्र या कायद्यात नाही.

सातबाऱ्याशी ताडून पाहा. जमीन तुमच्या नावावर असली तरी ‘इतर अधिकार’च्या रकान्यात बँकेचा बोजा असला तर तो निदान लिहिलेला दिसतो. ‘ॲग्री’ दाबून दिलेल्या डेट्यावर कुणाकुणाचे हक्क चढले, त्याचा उतारा आजवर मिळत नव्हता. ‘कुणाला दिली त्यांची नावं सांगा’ हा हक्क म्हणजे तो उतारा मागायचा हक्क आहे. पण तलाठ्याकडे जावं लागतं तसं इथेही मागावं लागतं, आणि मागणारा खातेदार तुम्ही असावे लागता. खातंच दुकानदाराच्या ईमेलवर असेल तर उतारा मागणार कोण?

याच कायद्यात एक तरतूद आपल्या फार कामाची आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय कंपनीने द्यायची आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे ‘इंग्रजी समजत नव्हतं म्हणून ओके दाबलं’ ही पाळी आपल्यावर यायला नको, आणि आली तर दोष आपला नाही. आणखी एक: अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची पडताळलेली संमती लागणार आहे. आठवीतल्या पोराच्या हातात वाढदिवसाचं घड्याळ बांधताना त्याचं वय वीस टाकून मोकळे होऊ नका. लहान मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला कायद्याने जी मनाई केली आहे, ती त्या खोट्या वयामुळे निकामी होते.

‘बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं कळतं’

शुगरचं आधी, कारण इथे जीव जाऊ शकतो. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. घड्याळावरचा आकडा पाहून कुणी इन्सुलिनचा डोस वाढवला तर काही तासांत बेशुद्ध पडू शकतो. उपकेंद्रात बोटाला टोचून पट्टीवर होणारी तपासणी हीच खरी.

बीपीचंही तसंच. उजेडावरून काढलेला बीपी हा अंदाज असतो. चांगल्या महागड्या घड्याळातही तो दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी दर काही आठवड्यांनी जुळवून घ्यावा लागतो. स्वस्त घड्याळात जुळवायची सोयच नसेल तर आकडा येतो कुठून, हा प्रश्न स्वतःला विचारा. गुंडाळलेल्या टॉवेलवर बांधलं तरी ठोके दाखवणारी घड्याळं आहेत. प्रकाशाच्या नुसत्या गडबडीतूनही त्यातलं गणित कसाबसा एक ताल शोधून काढतं, म्हणून तसं होतं.

ऑक्सिजनसाठी लाल आणि न दिसणारा अवरक्त उजेड वापरतात. काळ्या कातडीवर ही पद्धत चुकते. दवाखान्यातली बोटाला लावायची यंत्रंसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजन कमी झालेला ओळखायला गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकतात, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये दाखवून दिलं. मग सैल पट्टा, घामाने भिजलेलं मनगट आणि उन्हात रापलेली कातडी असताना हजार रुपयांच्या घड्याळावर किती भरवसा ठेवायचा? सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत तर ऑक्सिमीटरचा आकडा आधीच जपून वाचावा लागतो.

२०१७ च्या फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. फवारताना मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि घड्याळ मात्र ऑक्सिजन ९८ दाखवतंय म्हणून माणूस धुऱ्यावर बसून राहिला, तर? कीटकनाशकाचा रक्तावरचा परिणाम रक्त काढूनच तपासतात. अशा वेळी घड्याळाकडे पाहायचंच नाही, दवाखाना गाठायचा, फवारलेल्या औषधाचा डबा सोबत न्यायचा.

घड्याळ अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चांगल्या प्रतीच्या घड्याळावर चार लाखांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे अर्धा टक्का लोकांना ठोके अनियमित असल्याची सूचना गेली आणि काहींचा हृदयाचा दोष त्यातून सापडला. पण तिथेही पुढची तपासणी डॉक्टरांनीच केली.

चुकीच्या आकड्यांचा मालकीशी थेट संबंध आहे. चुकलेला आकडाही तुमच्याच नावावर साठतो. टॉवेलचे ठोके आणि रापलेल्या कातडीवरचा खोटा ऑक्सिजन, हे सगळं उद्या कुणी तुमचं आरोग्य म्हणून वाचलं तर दुरुस्तीचा हक्क वापरायला तुम्हाला ते आहे हे तरी माहीत हवं.

‘खेड्यातल्या माणसाचा डेटा कुणाला हवाय?’

विमा कंपन्यांना हवाय. अमेरिकेतल्या जॉन हॅनकॉक या मोठ्या आयुर्विमा कंपनीने २०१८ मध्ये आपल्या सगळ्या पॉलिसींना तंदुरुस्तीच्या नोंदींची जोड दिली. आपल्याकडेही पावलं मोजून हप्त्यात सवलत देणारे आरोग्य विमे मिळतात. आज सवलत म्हणून मागतात, उद्या नकार द्यायला तेच आकडे कामी येणार नाहीत असं मी तरी धरून चालणार नाही. दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईची पावलं किती भरणार? तिच्या कष्टाला त्या मोजणीत जागाच नाही.

आणि ज्याला डेटा दिला तोच धनी कायम राहील याची खात्री नसते. फिटबिट ही घड्याळांची कंपनी गुगलने २०२१ च्या जानेवारीत ताब्यात घेतली. ज्यांनी एका कंपनीवर विश्वास ठेवून वर्षानुवर्षं ठोके नोंदवले, त्यांची वही दुसऱ्याच्या हातात गेली. तो आरोग्याचा डेटा जाहिरातींसाठी दहा वर्षं वापरायचा नाही अशी अट युरोपीय आयोगाने घातली, पण ती युरोपातल्या लोकांपुरती.

‘नाव काढून टाकतात, मग काय बिघडतं?’ असंही कुणी म्हणेल. स्ट्राव्हा या ॲपने धावणाऱ्यांच्या वाटांचा जगाचा नकाशा काढला, त्यात एकाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून लष्करी तळ ओळखले, कारण निर्जन भागात रोज ठरावीक वाटेने धावणारे कोण, हे उघड होतं. दोनशे उंबऱ्यांच्या गावात पहाटे चारला उठून एकाच वावराकडे जाणारा माणूस ओळखायला नाव कशाला लागतं?

पण कंपन्या दूर राहिल्या. गावातल्या माणसाच्या शरीराची माहिती सगळ्यात आधी गावालाच हवी असते. सिकलसेल विदर्भाला नवा नाही. २०२३ च्या १ जुलैला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, गावोगाव तपासण्या होतात, कार्डं मिळतात. ती तपासणी व्हायलाच हवी, लग्नाआधी दोघांनीही करायला हवी. पण मुलगी नुसती वाहक आहे, आजारी नाही, एवढी गोष्ट पाहुण्यांच्या कानावर अर्धवट गेली आणि सोयरीक फिसकटली, असं आपल्याकडे घडतं. शरीराची एक नोंद चुकीच्या हातात गेली तर काय होतं ते कळायला आम्हाला अमेरिकेची उदाहरणं लागत नाहीत.

‘बिनधास्त ओके दाबा’

दाबू नका. जुन्या अँड्रॉइड फोनांत ब्लूटूथने घड्याळ शोधायलाच लोकेशनची परवानगी लागायची, ती दिल्याशिवाय जोडणी होत नाही, हे खरं. नव्या फोनांत त्यासाठी वेगळी परवानगी आहे. फोनबुक, कॉल आणि मेसेज वाचायची परवानगी मात्र ठोके मोजायला लागत नाही. घड्याळावर कॉल दिसायला हवा असेल तरच ती द्या. आभा हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक म्हणजे घड्याळ नव्हे. तो ऐच्छिक आहे, त्यातल्या नोंदी कुणाला दाखवायची संमती नंतर मागेही घेता येते. घड्याळाच्या ॲपमध्ये आभा क्रमांक किंवा आधार कुणी भरायला सांगितला तर भरू नका.

घड्याळ घ्यायचं तर खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढा. दुकानातला पोरगा घाई करील, करू द्या, ओटीपी तुमच्याच फोनवर यायला हवा. ईमेल नसेल तर माझ्याकडे या किंवा जवळच्या कोणत्याही केंद्रात जा, तुमच्या नावाचा काढून पासवर्ड तुमच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. आधीच दुसऱ्याच्या ईमेलवर जोडलं असेल तर त्याच्यासमोर बसून ॲपच्या सेटिंगमधून ‘अकाउंट डिलीट’ करून घ्या, नुसतं ॲप काढून भागत नाही. मग स्वतःच्या नावाने नव्याने जोडा. जुनं घड्याळ भाच्याला द्यायचं असेल तेव्हाही आधी हेच करा.